पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा परिसर कसा आखावा : ठाणे–नवी मुंबईच्या हवापाण्यात नवे बांधकाम आणि जुन्याचे नूतनीकरण

पशुवैद्यकीय महाविद्यालय म्हणजे एकाच कुंपणाच्या आत शिकवण्याची इमारत, रुग्णालय, गोठा, प्रयोगशाळा आणि वसतिगृह. यांपैकी एकेक गोष्ट बांधण्याचा अनुभव असलेले वास्तुविशारद ठाण्यात आणि नवी मुंबईत पुष्कळ आहेत. या पाचही गोष्टी एकमेकींना न बाधता शेजारी नांदवण्याचा अनुभव मात्र फार थोड्यांना मिळतो, कारण आपल्या राज्यात अशी महाविद्यालयेच मोजकी आहेत : परळचे १८८६ पासूनचे, आणि त्यानंतर नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ अशी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यामुळे नव्या परिसराची किंवा जुन्या विभागाच्या नूतनीकरणाची समिती बसते तेव्हा आराखडा बहुधा माणसांच्या रुग्णालयावरून किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयावरून उचलला जातो आणि जनावर त्यात मागाहून बसवले जाते. ही मांडणी त्या समितीवरील प्राध्यापक, अभियंते आणि विश्वस्त यांच्यासाठी आहे. तिचा आग्रह एकच आहे : भिंतींच्या आधी वाटा आखाव्यात.

तीन वाटा आधी कागदावर

जागेचा नकाशा समोर पसरून त्यावर तीन रंगांच्या रेघा ओढाव्यात. पहिली रेघ जनावराची : ते कोणत्या फाटकातून येते, कुठे उतरते, कुठे थांबते, कोणत्या दाराने तपासणीला जाते, तिथून क्ष-किरणाला, शस्त्रक्रियेला, वॉर्डात, आणि बरे झाल्यावर कोणत्या मार्गाने बाहेर पडते. दुसरी रेघ माणसांची, आणि तिला पोटफाटे आहेत, कारण जनावराचे मालक, विद्यार्थी, परिचर आणि कार्यालयीन कर्मचारी यांना एकाच बोळातून जायला लावले की काही महिन्यांत प्रसूती विभागासमोर फीची रांग उभी राहते. तिसरी रेघ घाणीची : शेण, मूत्र, धुण्याचे पाणी, रक्ताळलेला कापूस, विच्छेदनानंतरचे अवशेष आणि मृत जनावर. या तिसऱ्या रेघेने पहिल्या दोन रेघांना कुठेही छेदता कामा नये, आणि छेद टाळता येतच नसेल तर त्या ठिकाणी वेळेचे बंधन, धुण्याची सोय आणि बंद वाहन या तिन्ही गोष्टी आराखड्यातच लिहून ठेवाव्यात.

हे काम खोल्यांची यादी करण्याच्या आधी करावे. भारतीय पशुवैद्यक परिषदेच्या पशुवैद्यकीय शिक्षणविषयक किमान मानकांत विभाग, चिकित्सालय संकुल आणि पशुधन प्रक्षेत्र यांच्या अपेक्षा दिलेल्या आहेत आणि त्या पूर्ण कराव्याच लागतात. परंतु ती मानके म्हणजे पाया आहे, कळस नव्हे. खोल्या चौरस मीटरमध्ये अचूक भरल्या आणि आजारी पिल्लू लसीकरणाला आलेल्या पिल्लांच्या मधून न्यावे लागले, तर तपासणी पथकाचा शेरा चांगला येईल, पण पिल्लांना जीवघेणा जुलाब लावणारा पार्व्होचा विषाणू त्या शेऱ्याकडे पाहणार नाही. तो फरशीवर आणि मातीत महिनोनमहिने तग धरतो.

कोणती जनावरे येणार, हे आपल्या जिल्ह्याला विचारावे

ठाणे–नवी मुंबईच्या शहरी पट्ट्यात रुग्णालयाच्या दारात येणारे रुग्ण मुख्यतः कुत्री आणि मांजरे असतात. त्यांच्यासोबत पक्षी, ससे, कासवे येतात. म्हशी आहेत, पण त्या ठाणे, कल्याण, भिवंडी परिसरातल्या तबेल्यांत आहेत, आणि दूध देणारी म्हैस टेम्पोत चढवून रुग्णालयात आणणे मालकाला परवडत नाही, तो डॉक्टरांनाच बोलावतो. शेळ्या आणि डांगी गुरे शहापूर–मुरबाडकडे. घोडे माथेरानला, आणि वरातीच्या घोड्यांच्या पागा शहरात इथे-तिथे. यावरून एक निष्कर्ष निघतो आणि तो पचायला थोडा जड आहे : मोठ्या जनावरांसाठी भव्य अंतर्रुग्ण विभाग बांधून तो रिकामा ठेवण्यापेक्षा फिरत्या चिकित्सालयावर अधिक जागा आणि पैसा खर्च करावा. दोन-तीन वाहने उभी राहतील असे छत, औषधांची आणि उपकरणांची खोली, गमबूट व दोरखंड धुण्या-निर्जंतुक करण्याची फरसबंदी, आणि वाहनाची चाके धुता येतील असा उतार एवढे असले की अंतिम वर्षाचा आणि आंतरवासितेचा विद्यार्थी जनावराला त्याच्या नेहमीच्या जागी पाहून शिकतो. लाळ्या-खुरकूत चाकांबरोबर आणि बुटांबरोबर एका तबेल्यातून दुसऱ्यात जाते, म्हणून ही धुण्याची जागा प्रक्षेत्रावरच्या गोठ्यापासून लांब आणि फाटकाजवळ हवी.

मोठ्या जनावरांचा विभाग लहान ठेवला तरी तो पक्का हवा. चार-सहा जागा असल्या तरी चालतील, पण त्यांत खोडा, उचलण्याची यारी, गुंगीतून शुद्धीवर येण्यासाठी गादीच्या भिंतींची खोली आणि ट्रक लावण्याचा धक्का हे सगळे असलेच पाहिजे. पाचशे-सहाशे किलोच्या म्हशीला चार माणसे उचलू शकत नाहीत, आणि यारीचा रूळ ज्या तुळईवर बसणार ती तुळई स्लॅब पडल्यानंतर सुचून उपयोग नसतो. घोड्याच्या कोठीसाठी सुमारे ३.६ मीटर गुणिले ३.६ मीटर हे माप धरावे.

एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. म्हैस अनोळखी ठिकाणी चालताना मान खाली घालून जमीन पाहत जाते. एका चिकित्सालयात तपासणी कक्षाच्या उंबऱ्याशी गटारावर लोखंडी जाळी बसवलेली होती आणि शेजारच्या खिडकीतून तिच्यावर सळयांच्या सावल्या पडत. म्हैस जाळीपाशी आली, फुरफुरली, पुढचे दोन्ही पाय रोवून उभी राहिली. मागून ढकलून, शेपूट पिळून काही होईना. परिचर म्हणाला, “साहेब, ही इथनं पुढं जायची नाय, तिला खड्डा दिसतोय.” त्याने जाळीवर पेंढ्याचे दोन भारे पसरले आणि ती शांतपणे आत गेली. आराखड्यात याचे उत्तर एका रेघेचे आहे : जनावराच्या वाटेवर आडवी जाळी नसावी, गटार वाटेच्या कडेने न्यावे, उजेड वरून आणि सारखा पडावा, आणि फरशी कुठेही चकचकीत नसावी. अशा परिचराला आराखड्याच्या पहिल्या बैठकीला बोलवावे, शेवटच्या नव्हे.

पाणी, भरती आणि वारा

नवी मुंबईचा बराचसा भाग खाडीलगतच्या सखल जमिनीवर भराव घालून उभा आहे, म्हणूनच सिडकोने तिथे धारण तलाव आणि भरतीला बंद होणारी झडपद्वारे योजली. ठाण्यातही खाडीलगतचे पट्टे आणि नाल्यांचे काठ यांची स्थिती फार वेगळी नाही. मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एका वेळी आले की पावसाळी गटाराचे पाणी पुढे जातच नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता. त्या दिवसाची आठवण ठेवूनच जोत्याची पातळी ठरवावी. जागा पाहायला जुलै-ऑगस्टमध्ये, भरतीच्या वेळी जावे. मे महिन्यात कोणताही भूखंड कोरडा आणि उंचच दिसतो.

कोणती गोष्ट किती उंचावर, याचा क्रम माझ्या मते असा असावा : सर्वांत वर जनित्र, वीजखोली, लस व औषधांचा साठा आणि शव टिकवण्याच्या फॉर्मॅलिनची कोठी. त्यानंतर वॉर्ड आणि गोठा. त्याखाली वाहनतळ आणि मैदान. शेणखड्डा आणि सांडपाण्याची टाकी उताराच्या टोकाला येणे नैसर्गिक आहे, पण त्यांचे कठडे पुराच्या पातळीच्या वर असलेच पाहिजेत, कारण पुराच्या पाण्यात शेणखड्डा फुटला तर लेप्टोस्पायरोसिसचा धोका थेट वसतिगृहाच्या जिन्यापर्यंत येतो.

वाऱ्याचा विचारही इथेच करावा. आपल्याकडे वर्षाचा मोठा काळ वारा पश्चिमेच्या अंगाने येतो आणि पावसाळ्यात नैर्ऋत्येकडून. म्हणून गोठा, शेणखड्डा आणि शवविच्छेदनगृह शक्यतो पूर्वेच्या किंवा ईशान्येच्या बाजूला असावे, वर्ग, ग्रंथालय आणि वसतिगृह पश्चिमेकडे. अर्थात पूर्वेच्या कुंपणापलीकडे गृहसंकुल असेल तर हा नियम तसाच लावता येणार नाही. मग मध्ये झाडांचा रुंद पट्टा सोडावा आणि शेणाची विल्हेवाट रोजच्या रोज बंद टाकीत करावी. घोडबंदर रस्त्यावर काय किंवा पाम बीच रस्त्याच्या मागे काय, आज मोकळा दिसणारा शेजार दहा वर्षांत वीस मजल्यांचा होतो, हे गृहीत धरूनच आखणी करावी.

चिकित्सालय

चिकित्सालयाची सुरुवात प्रतीक्षागृहापासून होते. कुत्रा आणि मांजर यांना वेगळे बसवावे, आणि वेगळे म्हणजे एकमेकांना दिसणार नाहीत असे. मांजराची पेटी जमिनीवर ठेवावी लागली की ते अर्धे घाबरते, म्हणून त्या बाजूला कमरेच्या उंचीची फळी भिंतीला लावावी. खोकणारे, जुलाब होणारे किंवा चावा घेतलेले जनावर प्रतीक्षागृहात येऊच नये. त्याच्यासाठी बाहेरूनच थेट विलगीकरण कक्षात जाणारे दार असावे, आणि नोंदणीच्या खिडकीवरचा माणूस मालकाला वाहनातच थांबायला सांगू शकेल अशी ती खिडकी फाटकाकडे तोंड करून असावी.

विलगीकरण कक्षातली हवा बाहेरच्या बोळात येता कामा नये. तिथे हवेचा दाब उणा ठेवावा, म्हणजे दार उघडले तरी हवा आत ओढली जाते. शस्त्रक्रियागृहात याच्या उलट, दाब अधिक ठेवावा. या दोन खोल्या एकाच वातानुकूलन यंत्रणेवर जोडण्याचा मोह खर्चापोटी होतो. तो निग्रहाने टाळावा. वॉर्डांत तासाला दहा ते पंधरा वेळा हवा बदलेल अशी सोय चांगली मानली जाते. आपल्या दमट हवेत पिंजऱ्यांच्या ओळीमागे हवा कोंडली की बुरशी आणि त्वचारोग ठाण मांडतात.

रेबीजसंशयित कुत्र्यासाठीची कोठी हा जिवाचा प्रश्न आहे. चावलेल्या कुत्र्याला दहा दिवस निरीक्षणाखाली ठेवावे लागते, तेव्हा अन्न-पाणी बाहेरून देता येईल, कोठीच्या दोन भागांमधले सरकते दार बाहेरूनच ओढता येईल, आणि विद्यार्थी जाड काचेमागून लक्षणे पाहू शकतील अशी रचना हवी. त्या दाराशेजारी साबणाने जखम पंधरा मिनिटे धुता येईल असा नळ आणि लसीकरणाची नोंदवही असावी. ज्या विद्यार्थ्याचे प्रतिबंधक लसीकरण झालेले नाही त्याला त्या बोळात प्रवेश नाही, ही शिस्त दाराच्या कुलपातच बसवता येते.

भुंकण्याचा आवाज आराखड्यात जवळजवळ कोणीच मोजत नाही. बंदिस्त कुत्राघरात तो १०० डेसिबलच्या पुढे जाऊ शकतो, आणि निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबलची आहे. समोरासमोर पिंजरे ठेवले की कुत्री एकमेकांना पाहून भुंकत राहतात, म्हणून एकाच बाजूला तोंड असलेल्या ओळी कराव्यात, छताला ओल न धरणारे ध्वनिशोषक तक्ते लावावेत, आणि मांजरांचा वॉर्ड कुत्र्यांच्या वॉर्डाला भिंतीने जोडू नये. शस्त्रक्रियेनंतर गुंगीतून उठणाऱ्या प्राण्यासाठीही एक निवांत, मंद उजेडाची खोली वेगळी हवी.

क्ष-किरण विभागात माणसांच्या रुग्णालयाचा नमुना उचलला की हमखास चूक होते. माणूस बहुतेक वेळा टेबलावर झोपतो किंवा ठरलेल्या एकाच भिंतीसमोर उभा राहतो, त्यामुळे किरणांचा मुख्य झोत कुठे पडणार हे माहीत असते. घोड्याच्या किंवा म्हशीच्या पायाचे चित्र उभ्या जनावरावर, आडव्या झोताने घ्यावे लागते आणि जनावर जसे उभे राहील तशी झोताची दिशा बदलते. म्हणून मोठ्या जनावरांच्या क्ष-किरण खोलीच्या सगळ्याच भिंती मुख्य झोत पडणाऱ्या भिंती समजून अणुऊर्जा नियामक मंडळाच्या निकषांप्रमाणे बांधाव्यात, आणि खोलीचा नकाशा यंत्र विकत घेण्याच्या आधी किरणोत्सर्ग-संरक्षण तज्ज्ञाला दाखवावा. फिल्मपेटी हातात धरून उभा राहणारा विद्यार्थी ही प्रथा थांबवायची असेल तर पेटी अडकवण्याची दांडी आणि स्टँड यांना खोलीत जागा ठेवावी लागते.

शिकवण्यासाठी जागा हवी म्हणून शस्त्रक्रियागृहाचा आकार वाढवत नेणे योग्य नाही. ऐंशी-शंभरांच्या तुकडीतील एका वेळी पाच-सहा विद्यार्थी आत, बाकीचे काचेमागच्या सज्जात किंवा पडद्यावर पाहत, असा विचार करावा. त्याच मजल्यावर, वॉर्डाजवळ, रुग्णांविषयी चर्चा करायला फळा आणि बाके असलेली छोटी खोली असावी. विद्यार्थी खरे शिकतात ते तिथे. रात्रपाळीच्या आंतरवासितांसाठी वॉर्डाच्या हाकेच्या अंतरावर विश्रांतीखोली, आणि मुलींसाठी व मुलांसाठी स्वतंत्र कपडे बदलण्याची जागा व न्हाणीघर हवे. गोठ्यातले कपडे अंगावर घेऊन लोकलने कळव्याला किंवा नेरूळला घरी जाणे भाग पडू नये, हा आरोग्याचा तर प्रश्न आहेच, पण विद्यार्थ्यांच्या मानाचाही आहे.

एक खोली यादीत हटकून राहून जाते. आपले जनावर शांतपणे जावे यासाठी शेवटचे इंजेक्शन द्यायला आलेल्या कुटुंबाला प्रतीक्षागृहातून रडत बाहेर पडावे लागू नये. बाहेर स्वतंत्र दार असलेली, बसायला सतरंजी किंवा बाक असलेली, धुता येणारी एक लहान खोली त्यासाठी पुरते. तिथे कसे बोलावे हेही विद्यार्थ्यांना शिकवायचे आहे, आणि ते शिकवायला जागा लागते.

पशुधन प्रक्षेत्र आणि गोठा

गोठ्याची मापे पुस्तकात आहेत आणि ती बरी आहेत : छताखाली गायीला सुमारे ३.५ चौरस मीटर आणि म्हशीला ४ चौरस मीटर, मोकळ्या जागेत याच्या दुप्पट, वळूला छताखाली १२ आणि मोकळी २४ चौरस मीटर. फरशीला चाळीस ते साठात एक असा उतार ठेवतात. त्याहून अधिक उतारावर गाभण जनावराला उभे राहणे जड जाते आणि कमी उतारावर मूत्र साचते.

आपल्या भागासाठी त्यात दोन बदल करावे लागतात. उन्हाच्या सोयीने गोठ्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवली की त्याची लांब दक्षिण बाजू नैर्ऋत्येच्या पावसाला सामोरी जाते आणि गव्हाण भिजते. म्हणून त्या बाजूचे पाखे चांगले लांब काढावेत, पागोळ्यांसाठी खाली स्वतंत्र चर ठेवावा आणि ते स्वच्छ पाणी शेणाच्या गटारात मिसळू देऊ नये, नाहीतर पावसाळ्यात शेणखड्डा रोज भरेल. दुसरा बदल गारव्याचा. कोरड्या हवेच्या प्रदेशात चालणारे धुक्याचे फवारे इथे कुचकामी ठरतात, कारण हवाच ओलीचिंब असते आणि पाणी उडत नाही. म्हशीच्या अंगावर जाड थेंबांचा फवारा मारून तिला पूर्ण भिजवावे आणि मग मोठ्या पंख्याचा वारा द्यावा. त्यासाठी पाणी, वीज आणि वाहून नेणारे गटार या तिन्हींची क्षमता आधी धरावी लागते.

चाळीस म्हशींचा गोठा रोज साधारण सहाशे किलो शेण देतो, आणि एक किलो शेणापासून सुमारे ०.०४ घनमीटर गोबरगॅस मिळतो, म्हणजे दिवसाला चोवीस घनमीटरच्या आसपास. हा गॅस वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात न्यायचा तर नळीचा मार्ग आणि सुरक्षित अंतर आराखड्यात हवे. उरलेली मळी चारा-प्लॉटला जाते. चाऱ्याचे कोठार जोत्यावर उंच, उंदीर चढणार नाहीत अशा कडांचे आणि हवेशीर असावे. पावसाळ्यात पेंड आणि खुराक भिंतीला टेकवून ठेवला की बुरशी धरते आणि तिचे विष दुधापर्यंत पोहोचते, म्हणून लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर सोडून थप्प्या लावण्याइतकी जागा मोजून घ्यावी. चारा आणणाऱ्या ट्रकला शहरात दिवसा अवजड वाहनबंदीच्या वेळा असतात, तो पहाटे किंवा रात्री येणार. त्यामुळे त्याचे फाटक वसतिगृहाच्या खिडक्यांखाली नको.

विच्छेदन, शवविच्छेदन आणि कचरा

शरीररचनाशास्त्राच्या विच्छेदनगृहात फॉर्मॅलिनचा वास म्हणजे शिक्षणाचा भाग, अशी समजूत जुन्या पिढीत होती. त्यातून उडणारा फॉर्माल्डिहाइड वायू कर्करोगकारक म्हणून आता निश्चितपणे वर्गीकृत आहे. तेव्हा छताला पंखे लावून वास पसरवण्याऐवजी टेबलाच्या पातळीवरच हवा ओढून घेणारी रचना करावी, आणि ती हवा इमारतीच्या ज्या अंगाला खिडक्या नाहीत तिथून उंचावर सोडावी.

शवविच्छेदनगृहाला स्वतःचे फाटक, स्वतःचा शीतकक्ष आणि स्वतःची धुण्याची जागा हवी. काळपुळीचा (अँथ्रॅक्सचा) संशय असलेले शव उघडायचेच नसते. आधी कानाच्या शिरेतील रक्ताची काचपट्टी तपासतात. त्यामुळे दाराशीच, आत जाण्याआधी, सूक्ष्मदर्शकाची छोटी खोली असावी आणि शव वाहनातच असताना हा निर्णय व्हावा.

जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम पशुवैद्यकीय संस्थांनाही लागू आहेत : प्राण्यांचे अवयव पिवळ्या पिशवीत, प्लास्टिक लाल, सुया पांढऱ्या टोचरोधक डब्यात, काच निळ्यात, आणि प्रक्रिया न केलेला कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवायचा नाही. पंचाहत्तर किलोमीटरच्या आत सामाईक प्रक्रिया केंद्राची सेवा उपलब्ध असेल तर संस्थेने स्वतःची भट्टी उभारायची नसते, त्यामुळे भट्टीची रक्कम अंदाजपत्रकात धरण्यापूर्वी हे तपासावे. मोठ्या जनावराच्या शवाची विल्हेवाट कोण, कोणत्या वाहनाने आणि किती तासांत करणार, याचा लेखी करार मात्र इमारतीइतकाच महत्त्वाचा आहे.

जुन्या इमारतींचे नूतनीकरण

जुनी इमारत वाचवावी की पाडावी, हा प्रश्न रंगावरून सोडवू नये. तीस वर्षांहून जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी महापालिका अधिनियमानेच बंधनकारक आहे. खारट हवेत सळया आतून गंजतात आणि स्लॅबचे पोपडे गळू लागतात तेव्हा गंज बराच पुढे गेलेला असतो. जी इमारत शस्त्रक्रियागृहाचे किंवा यारीचे वजन पेलणार नाही ती कार्यालयासाठी चालू शकते. उपयोग बदलून तिचे आयुष्य वाढवणे बऱ्याचदा सर्वांत शहाणपणाचे असते.

चालू चिकित्सालयात दुरुस्ती करायची तर टप्पे पाडावे लागतात, आणि छताचे व गटाराचे टप्पे ऑक्टोबर ते मे या काळातच बसवावेत. प्रत्येक टप्प्याला तात्पुरती ओपीडी कुठे, हे आधी ठरवून मगच पहिला हातोडा मारावा. या काळात जनावरांना असणारे धोके बांधकाम कंत्राटदाराला ठाऊक नसतात, म्हणून ते करारात लिहावेत. सळया बांधायच्या तारेचे बोटभर तुकडे गव्हाणीत गेले तर म्हैस ते चाऱ्याबरोबर गिळते आणि ते जठराची भिंत टोचून हृदयापर्यंत जातात. रोज संध्याकाळी चुंबक फिरवून आवार साफ करणे ही अट त्यासाठी घालावी. जुन्या रंगात शिसे असू शकते आणि वासरे भिंती चाटतात, म्हणून खरवडलेला रंग झाकून उचलावा. वाळवीप्रतिबंधक औषध मारताना जनावरे दुसऱ्या आवारात हलवावीत, मांजरे तर नक्कीच. जुने सिमेंटचे पत्रे अॅस्बेस्टॉसचे असतील तर ते फोडून उतरवू नयेत. आणि तोडफोडीची धूळ शस्त्रक्रियागृहात जाऊ नये म्हणून मधला पडदा ताडपत्रीचा नको, छतापर्यंत भिडणारा बंदिस्त हवा.

परवानग्या आणि ताबा

भूखंड महापालिकेच्या, सिडकोच्या की एमआयडीसीच्या हद्दीत आहे यावर नियोजन प्राधिकरण ठरते. खाडीजवळ किनारपट्टी नियमन, सर्वत्र अग्निशमन आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ, प्रयोगासाठी प्राणी ठेवायचे तर त्या कामाच्या केंद्रीय समितीकडे नोंदणी. येऊरच्या जंगलातून किंवा खाडीकाठच्या अभयारण्यातून जखमी वन्यप्राणी येण्याची शक्यता धरून एक आडोशाची कोठी ठेवावी, पण तिचा वापर वनविभागाशी बोलूनच ठरवावा. हे सारे अर्ज आराखडा गोठवण्याच्या आधी तोंडी चर्चेत आणले तर नंतरचे फेरबदल वाचतात.

ताबा घेताना कागदावर सही करण्यापूर्वी इमारत वापरून पाहावी. प्रत्येक खोलीत बादलीभर पाणी ओतून ते मोरीकडेच जाते का पाहावे. विलगीकरण कक्षाच्या दाराशी उदबत्ती धरून धूर आत ओढला जातो का पाहावे. वीज बंद करून जनित्र किती सेकंदांत भूलयंत्राला वीज देते ते मोजावे. एक शांत म्हैस फाटकापासून खोड्यापर्यंत चालवत न्यावी, आणि ती जिथे अडेल तिथे खडूने खूण करावी. जमिनीखालच्या प्रत्येक नळाचा आणि गटाराचा प्रत्यक्ष बसवल्याप्रमाणेचा नकाशा कंत्राटदाराकडून घ्यावा. त्याची अनामत रक्कम मात्र पहिला पूर्ण पावसाळा गेल्यावर, गळती आणि तुंबलेली गटारे दुरुस्त झाल्याची पाहणी करूनच, परत करावी.